समजलं का? होऽऽ बाई!

सोमवार, सकाळचे अकरा. क्लायंट कॉल. आम्ही नऊ जण स्क्रीनवरच्या छोट्या छोट्या चौकोनांत शहाण्यासारखे बसलोय. समोरचे गृहस्थ पंचवीस मिनिटं नव्या कॅम्पेनचा फंडा समजावून सांगतात आणि शेवटी विचारतात, ‘सो, ऑल क्लिअर?’ नऊच्या नऊ माना डोलतात. एक जण तर उत्साहात अंगठाही टाकतो. कॉल संपतो. आणि दहाव्या सेकंदाला आमचा तो दुसरा, क्लायंट नसलेला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप वाजायला लागतो... ‘अरे, पण नक्की करायचं काय आहे?’

खरं सांगा, तुमच्याकडेही असा एक ग्रुप आहे की नाही?

ही मान डोलवायची सवय आपल्याला ऑफिसात लागलेली नाही मंडळी. ती शाळेतून येते. आणि हे मला कळलं माझ्या आत्यामुळे. आत्या जुन्नर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. बावीस वर्षं झाली. गेल्या दिवाळीत फराळाचं ताट पुढ्यात ठेवता ठेवता ती म्हणाली, “तू मोबाइल-बिबाइलवर लिहितेस ना? मग एकदा माझ्या वर्गात ये. माझा फोन बघ काय करतो ते.”

मी मनात म्हटलं, आता झालं! आत्याने पण कुठलं तरी अ‍ॅप डाउनलोड केलंय वाटतं. कार्टून नाचणार, टाळ्या वाजणार, मुलं ‘वॉव’ म्हणणार. तसली डेमो मी डझनभर बघितलीयेत. प्रत्येक कंपनीला वाटतं की भारतातलं शिक्षण तिच्याच अ‍ॅपमुळे बदलणार आहे. पण आत्याला ‘नाही’ म्हणायची माझ्यात हिंमत नाही. तिच्या चिवड्यात तर अजिबातच नाही.

एक फोन, चौतीस पोरं

सहावीचा वर्ग. चौतीस मुलं. टॅबलेट शून्य, कॉम्प्युटर शून्य. मोबाइल एकच, आत्याचा. त्याच्या स्क्रीनला कोपऱ्यात तडा गेलेला.

आणि प्रत्येक मुलाच्या हातात एक कागदी कार्ड! त्यावर काळ्या चौकोनांची वेडीवाकडी नक्षी, क्यूआर कोडच्या चुलत भावासारखी. प्रत्येक कार्डाला नंबर, आणि नक्षीच्या चार बाजूंना अगदी बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. ही कार्डं नारायणगावच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट करून आणलेली आणि मागे जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे चिकटवलेले. एका कार्डाच्या पाठीवर मला ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ वाचायला मिळालं!

या प्रकाराचं नाव प्लिकर्स. ‘पेपर’ आणि ‘क्लिकर्स’ यांची सरमिसळ. अमेरिकेत कॉलेजांच्या वर्गात क्लिकर नावाचं छोटं रिमोट मुलांच्या हातात द्यायचे. प्रश्न आला की बटण दाबायचं. इथे रिमोटच्या जागी कागद आहे. बाई फळ्यावर प्रश्न लिहितात, खाली चार पर्याय. ज्याला जे उत्तर वाटतं ते अक्षर वरच्या बाजूला येईल असं कार्ड फिरवून त्याने धरायचं. बाई कोपऱ्यात उभ्या राहून फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात. कुठलं कार्ड कसं धरलंय ते फोन ओळखतो आणि कोणाचं काय उत्तर ते स्क्रीनवर येतं. बरोबर असेल तर हिरवं, चूक असेल तर लाल. कार्डावरची अक्षरं इतकी बारीक की शेजारच्याचं बघून कॉपी मारायची सोय नाही. आणि प्रत्येकाची नक्षी वेगळी, त्यामुळे पुढच्याने कार्ड कसं फिरवलंय यावरूनही काही कळत नाही.

थोडक्यात काय, चौतीस जणांनी उत्तर दिलं आणि ते फक्त एका माणसाला दिसलं. बाईंना.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत दुसऱ्या शाळेतल्या एका सरांनी हे दाखवलं होतं. आत्याने घरी येऊन माझ्या आतेभावाला कामाला लावलं. अ‍ॅप फुकट, खर्च फक्त प्रिंटचा. पहिल्यांदा हौसेने कार्डांना लॅमिनेशन केलं, तर खिडकीतल्या उजेडाने ती अशी चमकायला लागली की फोनला काही दिसेचना. मग लॅमिनेशन कॅन्सल आणि लग्नपत्रिका इन.

०.१२५ मोठा की ०.५?

आत्याने फळ्यावर लिहिलं : यातली सगळ्यात मोठी संख्या कोणती? ए) ०.५, बी) ०.१२५, सी) ०.३६, डी) तिन्ही सारख्याच.

दशांश अपूर्णांकांचा धडा आदल्याच आठवड्यात संपला होता. आत्या मला हळूच म्हणाली, “धडा संपला तेव्हा मी विचारलं होतं, समजलं का. सगळे एका सुरात म्हणाले, होऽऽ बाई.”

कार्डं वर गेली. फोन फिरला. चौतीसपैकी बरोबर अकरा. बाकीचे तेवीस लाल. आणि त्यातले बहुतेक ‘बी’वर, म्हणजे ०.१२५ वर.

का बरं? अगदी साधं आहे. १२५ ही संख्या ३६ पेक्षा मोठी, ३६ ही ५ पेक्षा मोठी. मधे टिंब असलं म्हणून काय झालं! टिंबानंतर जितके जास्त आकडे तितकी संख्या मोठी, हा गैरसमज जगभरच्या मुलांमध्ये सापडतो. गणितशिक्षणावर काम करणाऱ्यांना तो चांगला ओळखीचा आहे. ही मुलं ‘ढ’ नाहीत. त्यांनी एक नियम बनवलाय आणि ती तो इमानेइतबारे पाळतायत. नियम चुकलाय एवढंच.

आता मला वाटलं, आत्या पुन्हा धडा शिकवणार. पण तिने बरोबर उत्तर सांगितलंच नाही. म्हणाली, “शेजारच्याला पटवा. का ते सांगून. दोन मिनिटं.”

आणि मग वर्गात जो काही कल्लोळ झाला! तिसऱ्या ओळीतली एक मुलगी, तिच्या घरचं दूध डेअरीला जातं, शेजारणीला हातवारे करून सांगत होती, “अगं, झिरो पॉइंट पाच लिटर म्हणजे अर्धा लिटर. पाचशे मिली. झिरो पॉइंट एकशे पंचवीस म्हणजे सव्वाशे मिली. अर्धा लिटर मोठा का सव्वाशे मिली?” शेजारीण दोन सेकंद गप्प. मग तिने आपलं कार्ड मुकाट्याने फिरवलं.

पुन्हा कार्डं वर. सव्वीस हिरवे.

मी टाळ्या वाजवणार एवढ्यात आत्याने दुसरा प्रश्न टाकला : ०.४, ०.७५ आणि ०.१२५ यांत मोठी कोणती? आणि गंमत बघा, आधी पहिल्याच फटक्यात बरोबर आलेल्या अकरांतले चार जण इथे ०.४ वर जाऊन पडले! म्हणजे त्यांचा नियम उलटा होता : टिंबानंतर जितके कमी आकडे तितकी संख्या मोठी. आधीच्या प्रश्नाचं उत्तर बरोबर, कारण साफ चूक. परीक्षेत त्या चौघांना पैकीच्या पैकी मिळाले असते आणि कोणाला कधी पत्ताही लागला नसता.

सतरा नंबरचं कार्ड

मधल्या सुट्टीत ओट्यावर बसून आत्याने मला फोनमधली जुनी नोंद दाखवली. तिने अ‍ॅपमध्ये मुलांची नावं घातलेलीच नाहीत, नुसते नंबर आहेत. कुठला नंबर कोणाचा ते तिच्या डायरीत. म्हणाली, “पोरांची नावं कशाला द्यायची कुठल्या कंपनीला?” (आपण मात्र टॉर्चच्या अ‍ॅपलाही अख्खी फोनबुक देऊन बसतो!)

“हे बघ, सतरा नंबर,” ती म्हणाली. महिन्याभरात जवळजवळ सगळे हिरवे. “शेवटच्या बाकावर बसतो. वर्षभरात तोंड उघडलं नाही. मी त्याला कच्च्या मुलांत धरलं होतं. आणि हा बघ चार नंबर, हा पहिल्या बाकावरचा. प्रत्येक प्रश्नाला ‘बाई मी, बाई मी’ करतो. याचे निम्मे लाल.”

मग जरा थांबून, स्टीलच्या ग्लासातला चहा संपवून म्हणाली, “बावीस वर्षं मी विचारतेय, समजलं का. बावीस वर्षं पोरं हो म्हणतायत. असे किती सतरा नंबर गेले असतील गं माझ्या हातून?”

यावर मला काही बोलता आलं नाही.

कारण मी तीच होते ना. आठवीत बीजगणित चालू होतं. सर म्हणाले, ज्याला समजलं नाही त्याने हात वर करा. मी केला. वर्गात एकटीने. मागून कोणीतरी खुदकन हसलं, सरही हसले. त्यानंतर दहावी होईपर्यंत मी तो हात एकदाही वर केला नाही. ‘समजलं का’ला ‘हो’ म्हणत राहिले आणि गाइड पाठ करून पास झाले. पुढे आर्ट्स, मग मास कॉम. लोकांना सांगते की मला लिहिण्याचं वेड होतं म्हणून इकडे आले. ते खरं आहेच. पण गणितापासून पळायचं होतं, हेही तितकंच खरं. आजही इन्व्हॉइसवर टीडीएस वजा करायची वेळ आली की मी सीए मैत्रिणीला फोन लावते.

तेव्हा माझ्या हातात असं एखादं कार्ड असतं तर? माहीत नाही. पण मला समजलेलं नाही, हे सरांना तरी कळलं असतं. आणि मागच्या बाकाला कळलं नसतं!

हार्वर्डमध्येही सेम टू सेम

घरी आल्यावर मी थोडं खणलं, तर कळलं की आत्याला जे कळलं तेच हार्वर्डच्या एका प्रोफेसरलाही कळलं होतं. एरिक मझूर. फिजिक्स शिकवायचे, मुलं खूश, निकाल झकास. १९९० च्या सुमारास त्यांनी मुलांना एक अगदी साध्या प्रश्नांची चाचणी दिली. जड ट्रक आणि हलकी कार यांची टक्कर झाली तर कोण कोणावर जास्त बल लावतं, असल्या छापाची. (उत्तर : दोघं सारखंच.) अवघड गणितं सोडवणारी हार्वर्डची पोरं इथे धडाधड चुकली! एकीने तर विचारलं की, सर, उत्तर तुम्ही शिकवलंय तसं लिहू की मला वाटतं तसं?

मग १९९१ पासून मझूरनी लेक्चर देणं कमी केलं आणि प्रश्न विचारणं वाढवलं. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं. साधारण ३० ते ७० टक्के मुलं बरोबर असतील तर शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचं. याला ते ‘पीअर इन्स्ट्रक्शन’ म्हणतात. ज्याला नुकतंच समजलंय तो, न समजलेल्याला मास्तरांपेक्षा चांगलं समजावू शकतो, कारण आपलं कुठे अडलं होतं ते त्याला अजून आठवत असतं. ती दूधवाली मुलगी आठवतेय ना? तेच.

आणि आता मज्जा ऐका. २००८ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात कॅनडातले फिजिक्सचे प्राध्यापक नॅथॅनिएल लॅस्री यांनी एका वर्गाला इलेक्ट्रॉनिक क्लिकर दिले आणि दुसऱ्या वर्गाला साधी पुठ्ठ्याची कार्डं. पद्धत एकच. मुलं किती शिकली यात लक्षात घ्यावा असा फरक निघाला नाही!

म्हणजे जादू यंत्रात नाहीये राव. सगळ्यांना एकाच वेळी, न लाजता उत्तर द्यायला लावण्यात आहे. यंत्राने फक्त मोजायचं आणि लक्षात ठेवायचं काम करायचं. ते मात्र ते झकास करतं. सतरा नंबरचा महिनाभराचा हिशेब आत्याच्या डोक्यात राहिला नसता, फोनमध्ये राहिला.

फोन कोणाच्या हातात?

एरवी शाळेत फोन म्हटलं की आपण दोन टोकांना जातो. एक टोक, प्रत्येक मुलाच्या हातात यंत्र द्या. २०११ मध्ये ‘आकाश’ टॅबलेट आला तेव्हा मी शाळेतच होते. सुमारे २,२७६ रुपयांचा टॅबलेट विद्यार्थ्यांच्या हाती, अशा बातम्यांनी पेपर भरले होते. दुसरं टोक, फोन शाळेबाहेर. फ्रान्सने २०१८ मध्ये कायदा करून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळेत फोन वापरायला बंदी घातली. २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक शिक्षण अहवालानेही बजावलं की शिकण्याला खरोखर मदत होत असेल तेवढंच तंत्रज्ञान वापरा.

मधला रस्ता आपल्याकडे कधीचा आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांवर क्यूआर कोड चिकटवायला सुरुवात केली. पुढे बालभारतीच्या पुस्तकांत कोड आले, २०१७ मध्ये केंद्र सरकारचं ‘दीक्षा’ आलं. डिसरेंचा नव्हे, डिसलेंचा तो किस्सा तर सगळ्यांना पाठ आहे : डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, दहा लाख डॉलर, आणि त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना देऊन टाकले.

पण कोड स्कॅन करायला फोन लागतो. आणि तो कोणाचा? कोविडच्या काळात फोन म्हणजेच शाळा झाली तेव्हा हे सगळ्यांना नीट दिसलं. २०२१ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भागातल्या सुमारे ६८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, पण त्यातल्याही साधारण दर चारांतल्या एका मुलाला तो वापरायला मिळत नव्हता. बाबा कामाला गेले की फोनही कामाला गेला! आणि आता फोन हातात आलाय तर काय? २०२४ च्या ‘असर’नुसार १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांतल्या ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो काही तरी शिकायला वापरला, आणि ७६ टक्के मुलांनी सोशल मीडियाला. आपण तरी काय वेगळं करतो म्हणा!

म्हणून मला आत्याचा हिशेब पटला. यंत्र एकच, तेही बाईंच्या हातात, दिवसातून दहा मिनिटं. मुलांचे डोळे फळ्याकडे आणि एकमेकांकडे. कोणाच्या घरी फोन आहे-नाही याने काही बिघडत नाही.

सगळं गुडी गुडी आहे असं मात्र नाही हं. रेंज गेली की अडतं. कोणी नक्षीवर बोट ठेवलं तर कार्ड वाचलं जात नाही. ऐन रंगात बँकेच्या कर्जवाल्या ताईंचा फोन येतो. निबंध, कविता, हातातली कला असल्या गोष्टी चार पर्यायांत मावत नाहीत. आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे चांगली चुकीची उत्तरं शोधणं! ०.१२५ हा पर्याय उगाच आलेला नाही, मुलं कुठे घसरतात हे ठाऊक असलेल्या बाईंनी तो ठेवलाय. त्यासाठी आत्या रात्री जेवणं उरकल्यावर तासभर बसते. ते कुठलंही अ‍ॅप करून देत नाही.

ट्राय मारायचाय?

• शिकवत असाल, क्लास घेत असाल, ऑफिसात ट्रेनिंग देत असाल, तर ‘समजलं का’ हा प्रश्न बंद. ज्याचं उत्तर चुकू शकतं असा प्रश्न विचारा.
• आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर ठरवायचं, मगच चर्चा. उलटं केलंत तर जो मोठ्याने बोलतो त्याचंच उत्तर सगळ्यांचं होतं.
• कार्डं नकोत? डोळे मिटून बोटं दाखवायला सांगा. एक, दोन, तीन, चार. खर्च शून्य.
• कार्डं वापरलीत तर चकचकीत लॅमिनेशन टाळा आणि मुलांच्या नावाऐवजी नंबर टाका.
• लाल आलेल्याचं नाव वर्गात घ्यायचं नाही. एकदा घेतलंत की पुढच्या वेळी सगळे शेजारच्याचं कार्ड बघणार.

परवाच्या सोमवारी पुन्हा तोच क्लायंट, तेच नऊ चौकोन. ‘ऑल क्लिअर?’ माना डोलायच्या आत मी घाबरत घाबरत म्यूट काढला. म्हटलं, सर, एक मिनिट. सगळ्यांनी चॅटमध्ये एका ओळीत लिहा, उद्या सकाळी आपण पहिलं काम काय करणार. मी सांगेपर्यंत पाठवू नका. मग एकदम पाठवा.

नऊ उत्तरं आली. पाच वेगवेगळी.

क्षणभर शांतता. मग क्लायंटच हसायला लागले आणि म्हणाले, चला, पुन्हा सांगतो. कॉल चाळीस मिनिटं लांबला, माझं जेवण गार झालं. पण त्या रात्री आमचा दुसरा ग्रुप एकदाही वाजला नाही.

आत्याला मेसेज टाकला. तिचा रिप्लाय आला : “शाब्बास. आता दशांशाची गणितं पाठवू का?”

पाठव म्हटलंय. बघू, हिरवं येतं की लाल!